हैबती लोहार आणि देशमुखांच्या गाडीची धाव

हैबती लोहार लोखंडाला शिव्या दिल्याशिवाय भात्याला हात लावत नसे. बोथट फाळ आला की त्या फाळाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, तो ज्यानं आणला त्या माणसाच्याही. आमच्या लिंबागणेशचा गणपतीही त्यातून सुटला नव्हता. सकाळी देवळाकडं तोंड करून हैबती म्हणायचा, "गणोबा, तू बस निवांत. जळायला मी हाय." आणि निखारे फुलवायचा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. चौसाळ्याच्या वाटेवर एका देशमुखांची विहीर खणायचं काम चाललं होतं. खाली आम्ही चौघं दगड फोडायचो आणि लोखंडी डोलात भरायचो. वर बैलजोडी तो डोल ओढायची. खडकावर घासून घासून डोलाचं बूड पार पातळ झालं होतं. भरलेला डोल डोक्यावरून वर जायला लागला की आम्ही चौघंही भिंतीला चिकटायचो. शेवटी आम्ही हटून बसलो, तेव्हा हैबतीला बोलावणं गेलं.

त्यानं डोल उलटा केला आणि बुडाला बोट लावलं. बोट आरपार गेलं.

"हा डोल हाय का चाळणी बे? लोखंड द्या मालक. जाड द्या."

"हाय त्यावरच ठिगळ मार," देशमुख म्हणाले आणि जेवून झोपायला गेले.

गोठ्याशेजारी त्यांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, उभी होती. उन्हानं चाकाचं लाकूड आक्रसून त्यावरची लोखंडी धाव सैल झालीच होती. हैबतीनं दोन ठोके मारून ती उतरवली, छिन्नीनं तिचे तुकडे केले आणि विहिरीच्या काठावरच भाता मांडला. लोखंड पांढरं पडेपर्यंत तापवायचं, सांधा धरावा म्हणून वर वाळू टाकायची आणि निवायच्या आत घण घालायचा. घण त्याची बायको गयाबाई घालायची. सांज होईतो डोलाच्या बुडाखाली जाड पट्ट्यांची फुली बसली.

दुसऱ्या दिवशी देशमुख शेरवानी घालून बाहेर आले. बीडला जिल्ह्याच्या साहेबांना, तालुकदारांना भेटायचं होतं. दमणीचं चाक उघडं!

"धाव कुठं हाय रे?"

"हिरीत," हैबती म्हणाला.

देशमुख लालबुंद झाले. "काढ ती! आत्ताच्या आत्ता!"

"काढतो की मालक. पर आदुगर तुमी खाली उतरा अन् डोल वर जाताना त्येच्याखाली उभं ऱ्हावा. मग म्हणा, काढ."

'मालक' हा शब्द तो असा उच्चारायचा, की शिवीच बरी वाटावी.

खाली आम्ही चौघं कामाला लागलो होतो आणि भरलेला डोल वर निघाला होता. देशमुख तावातावानं काठावर आले आणि खाली वाकले. नेमका तेव्हाच एका बैलाचा पाय घसरला. डोल झोका घेऊन कातळावर आपटला. त्याचा जुना पत्रा टर्रकन फाटला आणि आमच्यावर कपच्या पडल्या. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा डोल वर हेलकावत होता, आणि त्यातले धोंडे त्या फुलीवर तसेच बसून होते. त्यांच्या पलीकडं देशमुखांचा चेहरा दिसला, पिठासारखा पांढरा.

त्या दिवशी ते बीडला गेले नाहीत. धावेचं नावही पुन्हा काढलं नाही.

हैबतीनं मात्र ती गोष्ट जन्मभर पुरवली. दरवर्षी डोलातले धोंडे वाढत गेले. शेवटी शेवटी तर त्या डोलात तालुकदारसाहेबांचा हत्ती बसलेला असायचा. "लई जड व्हता," तो गंभीरपणे सांगायचा. त्याच्या शेजारी बसून आम्ही चौघंही माना डोलवायचो. ज्यांचा जीव वाचलाय त्यांनी हत्तीबद्दल काय वाद घालायचा?

म्हातारपणी खोकल्यानं तो गेला. तिरडी बांधली, तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. नेहमीप्रमाणं कुणीतरी उसासा टाकला, "देवमाणूस होता हो."

कोपऱ्यात बसलेल्या गयाबाईनं मान वर केली.

"देव कशाला आसंल?" ती म्हणाली. "चिडका व्हता. थापाड्या व्हता. माझा व्हता."