पटत नसेल तर खाली लिहा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एका गुरुवारी पहाटे, शिवाजी पेठेतल्या आमच्या चौकात मी खडू घेऊन उभी होते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मी, आणि साऱ्या पेठेने वाचावे असे काही लिहायला निघाले होते.

तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठा फळा होता. फुटबॉलचा निकाल, कुणाचे निधन, महापालिकेला मारलेले टोमणे, सगळे त्यावर यायचे. तालमीच्या वस्तादांचा नियम एकच होता. लिहिलेले कुणी पुसायचे नाही; पटत नसेल तर खाली उत्तर लिहायचे.

त्या दिवसांत एका महाराजांचा पंथ पेठेत फार पसरला होता. त्यांच्या तीर्थाने सर्व व्याधी बऱ्या होतात असे त्यांचे अनुयायी सांगत. आमच्या घरी राहणारी माझी विधवा मावशीही त्यात जाऊ लागली होती. तिला क्षय होता. तिने दवाखान्यातल्या गोळ्या बंद केल्या असाव्यात, असा मला संशय होता; विचारले की ती विषय बदलायची.

तालमीतल्या पोरांना पंथाचा निषेध करायचा होता आणि अक्षर माझे बरे, म्हणून माझा भाऊ मजकूर घेऊन आला. त्यात निम्म्या शिव्या होत्या. मी म्हटले, मी लिहीन, पण माझे वाक्य लिहीन.

वाक्य असे होते : ‘तीर्थाने सर्व व्याधी बऱ्या होतात, तर महाराज चष्मा का लावतात?’

पोरांचे समाधान झाले नाही. मी घरी परतताच त्यांनी खाली ‘भोंदू चले जाव’ असे ठोकून दिले.

दुपारपर्यंत चौक भरला. पंथाचे पेठेतले पुढारी म्हणजे कापडाच्या दुकानाचे मालक; त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते पंचवीसेक माणसे आणि फौजदार घेऊन आले. मी समोरच्या आमच्या खिडकीच्या गजांमागून पाहत होते...

फौजदारांनी फळा वाचला. मग पुन्हा वाचला.

“वस्ताद, भावना दुखावल्यात म्हणत्यात ही मंडळी.”

“खालची वळ पोरांनी लिवलीया. शिवी म्हंजे काय लिवणं न्हवं,” असे म्हणून वस्तादांनी ती स्वतःच्या पंच्याने पुसली. “वरचं ऱ्हाणार.”

गंमत अशी, की खालची ओळ गेली तरी अण्णांचा राग तसूभरही उतरला नाही. त्यांना शिवी खुपतच नव्हती, चष्मा खुपत होता! श्रद्धेचा अपमान नेमका कुठे सुरू होतो? शिवीपाशी, की प्रश्नापाशी? मला भीतीपेक्षा कुतूहलच अधिक वाटू लागले.

“आता ह्याला कुठलं कलम लावू, अण्णा?” फौजदार म्हणाले. “इचारलंय नुसतं. तुमी बी लिवा की खाली.”

अण्णा काही बोलणार, एवढ्यात गर्दीतून मावशी पुढे आली. सत्संगाहून परतताना ती तिथे थांबली होती. तिने फळ्याकडे पाहिले आणि सरळ आमच्या खिडकीकडे वळून हाक मारली.

“खाली ये. तुझंच अक्षर हाय ते, मला काय कळत न्हाई व्हय? आता माझं बी लिव.”

मी जिना उतरून भरल्या चौकात आले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. ‘चष्म्याचं मला ठाऊक नाही. दवाखान्यात मला लांब उभं करतात. सत्संगात बायका माझ्या शेजारी बसतात.’

अण्णांची माणसे माना डोलावू लागली. मला मात्र वाईट वाटले... आमच्या घरातही तिचे ताट वेगळे होते.

“थांबलीस का?” मावशी म्हणाली. “लिव म्होरं. गोळ्या बंद करा म्हणाले, मी केल्या. आता खोकल्यातनं परत रक्त पडतंय.”

खडू माझ्या हातात तसाच राहिला. घरात हे कुणालाही ठाऊक नव्हते...

“हे लिहू नका,” अण्णा घाईने म्हणाले. “गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमीच की, अण्णा.”

अण्णा खाली पाहत म्हणाले, “महाराजांना विचारून सांगतो.”

“तवर रगात थांबतंय व्हय?” वस्ताद म्हणाले.

मी उरलेले वाक्य लिहून पूर्ण केले. अण्णांबरोबरच्या एकाने पाण्याची बादली उचलली होती. ती फौजदारांनी त्याच्या हातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दवाखान्यात जायला निघाली. मी बरोबर गेले आणि रांगेत तिला चिकटून उभी राहिले. अण्णांच्या पत्नी आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आधी त्या हेरगिरीला आल्या असे मला वाटले. पण त्यांनी मावशीच्या हातातली पिशवी घेतली आणि त्या मला हळूच म्हणाल्या, “सत्संगात मी पण हिच्या शेजारीच बसती की.”

उपचार पुष्कळ महिने चालले. मावशी बरी झाली, आणि सत्संगालाही जात राहिली. तिला तिथून बाहेर काढावे असे मला पुढे कधी वाटले नाही, याचे माझे मलाच नवल वाटते.

कुणाच्या श्रद्धेबद्दल जाहीरपणे किती बोलावे, यावर मी नंतर बरेच वाचले. मर्यादा कुठे आखावी, याचे पक्के उत्तर आजही माझ्यापाशी नाही... पण त्या दुपारी माझा प्रश्न पुसला गेला असता, तर मावशीला तिचे दुखणे सांगायला जागाच मिळाली नसती. वस्तादांचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. ते आज इथे मानते.