बरं झाल्याचे पेढे

माझा संधिवात बरा झाला म्हणून मी कंपनीत पेढे वाटले. तो बरा झालेला नव्हता.

अंबडला मी तेव्हा स्टोअरमध्ये क्लार्क होतो. सहा वर्षं सांधे धरलेले. सकाळी शर्टाची बटणं बायको लावायची आणि कंपनीच्या बसची उंच पायरी शेजारचा फिटर चढवायचा. दिंडोरीकडचा गडी, एका हातात माझा डबा, दुसऱ्या हातानं मला कमरेला धरून वर. बसमध्ये बसलं की सगळ्यांचं सुरू: आज कसं आहे? निर्गुडीचा पाला बांधला का? आंबट सोडलं का? सांगून सांगून मी कंटाळलो होतो, आणि ऐकून ऐकून तेही कंटाळलेत अशी माझी खात्री होती. नव्या गोळ्यांनी आठवडाभर जरा हलकं वाटलं, आणि मी पेढे आणून मोकळा झालो.

सगळ्यांना आनंद झाला. खराच झाला, तीच पंचाईत. दुसऱ्या दिवशी फिटर माझ्यासाठी थांबला नाही. दाराजवळ माझ्यासाठी राखलेली जागा गेली. कुणी काही विचारेना. थंडी पडली तशी बोटं परत वळेनाशी झाली, गुडघे आखडले. मी चपलेशी काहीतरी चाळा करत मागे राहायचो आणि सगळे चढले की दोन्ही हात टेकून रांगत चढायचो. घरी आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो.

"अहो, खरं सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"आता कुठल्या तोंडानं?"

ती उठून कामाला लागली. तीही दमली होती.

मग एके सकाळी बसचा दांडाच हातात धरवेना. बस सुटली. मी तिथंच दगडावर बसलो. वाईटसुद्धा वाटलं नाही. कामावर जायचं नव्हतं, घरीही जावंसं वाटत नव्हतं.

बस थोडं पुढे जाऊन थांबली. फिटर उतरून आला. माझे हात त्यानं उलटेपालटे करून पाहिले.

"कवापासून?"

"बरा कधी झालोच नव्हतो. म्हटलं, तुम्हाला रोजचा ताप कशाला."

त्यानं डबा काखेत मारला, मला कमरेला धरलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमाला कटाळा आला आसता तर आमीच सांगितलं आसतं. तू कशाला डोकं चालवतो? त्या डोक्यापरीस तुझे गुडघे बरे हायेत!"