मावशीचा कप्तान

गोष्टीचा शेवट पटला नाही तर तो मान्यच करायचा नाही, इतक्या साध्या तत्त्वावर जगणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ती म्हणजे माझी धाकटी मावशी. नांदेडच्या एका शाळेत तिनं हयातभर मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मोबाइलवर परदेशी मालिका बघायचा सपाटा लावला. त्यातल्या एका मालिकेत बोटीचा कप्तान आणि व्हायोलिन शिकवणारा मास्तर असे दोन पुरुष एकमेकांवर जीव जडवून बसतात, आणि शेवटच्या भागात कप्तान वादळात बुडतो. ते बघून मावशीच्या घरात फोडणी पडायची थांबली. मी भेटायला गेलो तर काका दारातच हळू आवाजात म्हणाले, "आत जपून बोल. कप्तान गेला." मला वाटलं, गल्लीतले कोणी फौजी वारले.

पुढं तिला कळलं की, त्या कप्तानासाठी रडणारी मंडळी ठिकठिकाणी आहेत आणि ती आपापल्या मनासारखी गोष्ट लिहून एका ॲपवर टाकतात. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. मावशीनंही कप्तानाला पाण्यातून काढलं आणि थेट लातूरला आणून ठेवलं. तिच्या गोष्टीत मास्तर तिथं क्लास घेतो, कप्तान मोटारी दुरुस्त करतो आणि दोघं सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खातात. "लातूरच का?" मी विचारलं. "तिथं बुडायला पाणी कुठंय?" "मग नांदेडला आणायचं." "हितं गोदावरी हाय. मी त्याला नदीकाठी ठेवत न्हाई." इतरांच्या गोष्टी ती उत्तरपत्रिकेसारख्या तपासायची आणि खाली लिहायची, 'भाव उत्तम. ऱ्हस्व-दीर्घ बघावे.' एका मुलीनं कप्तानाला पुन्हा बुडवलं, तेव्हा मावशी तिच्याशी इतकी भांडली की काका म्हणाले, "माझ्या बायपासच्या वेळी डॉक्टरशीसुद्धा एवढी भांडली न्हाई ही."

तिच्या वाचकांत उमरीकडचा एक तरुण होता, नांदेडात औषधांच्या दुकानात कामाला. त्यानं तिला लिहून विचारलं, 'मॅडम, मास्तरच्या आईला हे माहीत आहे का?' मावशीनं तो प्रसंग लिहायला घेतला आणि पहिल्यांदाच अडली. वादळातून माणूस काढणं तिला जमलं होतं, पण त्याला आईसमोर बसवणं जमेना. आई कधी आकांत करी, तर कधी इतकी समजूतदार निघे की मावशीलाच ती खरी वाटेना. मग एका रविवारी तो तरुण घरीच आला. चहा झाल्यावर खाली बघत म्हणाला, "माझ्या आईला माझं सांगू का, मावशी?"

मावशीनं मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माझ्या गोष्टीवर जाऊ नको, बाबा. तिथली माणसं माझं ऐकतात. तुला सांगावं वाटलं तर सांग. काही झालं तरी हे घर हाय."

त्यानं सांगितलं. आई उठून गोठ्यात गेली आणि तेव्हापासून त्याचा फोन घेईना. तो दर रविवारी मावशीकडं जेवायला येऊ लागला. मावशीचं लिहिणं थांबलं. वाचक पुढचा भाग मागत राहिले, पण तिनं कोणाला उत्तर दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडं असताना फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला असतो. पलीकडं त्या तरुणाची आई होती.

"बाई, तो तुमच्याकडं येतो म्हणं. नीट जेवतो का?"

"जेवतो की."

"वांगं देऊ नका. ल्हानपणापासून सोसत न्हाई त्याला."

"न्हाई देत. तुम्ही बोला ना त्याच्याशी."

आई म्हणाली, "बघू," आणि फोन ठेवला.

मला वाटलं, मावशी आता याचाही पुढचा भाग मनानं रचणार. पण तिनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तर दर रविवारी भरली वांगीच केली रे त्याच्यासाठी. बोलला न्हाई तो."