मागच्या दाराने येणारी बाई

"ज्याचं काम त्यानं करावं!" हे वाक्य आमच्या समोरचे तात्या ओट्यावर उभे राहून, घसा खाकरून म्हणत. नवं लग्न झालेला एखादा पोरगा बायकोच्या हातातली बाजाराची पिशवी आपल्या हातात घेऊन चालला, की हमखास म्हणत. पोरगा बिचारा पिशवी परत बायकोकडे देई. असा एखादा राखणदार तुमच्याही गल्लीत असेलच.

राहुरीतल्या आमच्या घरात माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर तात्यांचं दार. ब्लाउज शिवणारीला गल्लीतलं सगळं आपोआप कळतं, त्यात माझा काही दोष नाही.

तात्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पित्ताशयात खडे झाले. नगरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, पडून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. सून पुण्याहून आली आणि रजा संपली तशी गेली. त्यानंतर एरवी दिवसभर सताड उघडं असणारं ते दार सकाळ-संध्याकाळ बंद राहू लागलं. आतून भांड्यांचा आवाज येई, कुकरच्या शिट्ट्या येत आणि अधूनमधून करपल्याचा वासही.

"तात्या, स्वयंपाकाचं कसं चाललंय?" मी विचारलं.

"बाई लावलीय."

"कधी दिसली नाही ती."

"मागच्या दारानं येती."

आता आमच्या ओळीतल्या घरांना पाठीला पाठ लावून दुसरी घरं आहेत. मागचं दार एकालाही नाही. मी हसू दाबलं आणि हुक लावायला घेतले.

दुपारी तात्या बाहेर पडले, की मी काकूंजवळ जाऊन बसे. पाठीला उशी, अंगावर जुनी मऊ गोधडी, हातात मोबाईल, त्यावर मालिका. दिवसाउजेडी आडवी झालेली ही बाई आम्ही कधी पाहिलीच नव्हती. सुखावली होती आणि त्या सुखानंच ओशाळली होती.

"काय सांगू गं, लई लाज वाटती. सकाळी हातरुनात चहा देत्यात. रातच्याला पायाला तेल लावत्यात. नवऱ्यानं पायाला हात लावायचा म्हंजे पाप लागंल मला. कुनाला बोलू नको बाई."

मी बोलले नाही. एवढी गोष्ट पोटात ठेवणं माझ्यासारखीला किती जड गेलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

मग एका संध्याकाळी गल्लीतल्या आम्ही बायका मिळून बिस्किटं आणि डाळिंबं घेऊन काकूंना भेटायला गेलो. दार वाजवलं तेव्हा आत धांदल झाली. तात्यांनी दार उघडलं आणि लगेच खुर्चीत पेपर घेऊन बसले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास येत होता. तो कुणी टाकला होता, हे तिथं तिघांना ठाऊक होतं: त्यांना, काकूंना आणि मला.

तात्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाले, "अगं, पाव्हन्यांना चहा टाक."

काकू पोटाशी हात धरून उठल्या. आम्ही "नको, नको" म्हणालो. पण ते म्हणायची एक रीत असते, म्हणायचं आणि बसून राहायचं. मी तरी उठायला हवं होतं. काकू ट्रे घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी कळ येऊन वाकल्या. कप कलंडले, चहा हातावर सांडला. तात्या अर्धवट उठले, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसले. काकू भिंतीला टेकल्या. कपाळावर घाम आला होता. ट्रे मी धरला, पण फार उशिरा. आणि सांगायला लाज वाटते, उरलेला चहा आम्ही प्यालोही.

तात्यांनी त्यांच्या कपाला हात लावला नाही. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दार उघडलं आणि तात्या खरकट्या भांड्यांची पाटी घेऊन बाहेर आले. ओट्यावरच्या नळाशी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, उकिडवे बसले आणि कढई घासू लागले. माझं मशीन थांबलं. पलीकडचे दूधवाले हसत म्हणाले, "काय तात्या, बाई आली न्हाई व्हय आज?"

"बाई न्हवतीच कधी. मीच हुतो." तात्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. कढईकडेच बघत ते म्हणाले, "लाज नको तिथं धरली मी."

दूधवाले पुढे गेले. तात्यांचे कान लाल झाले होते, पण शेवटची वाटी होईपर्यंत ते उठले नाहीत.

काकू बऱ्या झाल्या. तरी सकाळचा चहा तात्यांकडेच राहिला, तोही दार उघडं ठेवून. "नका ओ करू, मला न्हाई आवडत आयतं," असा काकूंचा आवाज मला रोज खिडकीत ऐकू येई.

यंदाच्या थंडीत तात्या झोपेतच गेले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून सकाळी मी किटली भरून चहा नेला. काकूंच्या हातात कप दिला. बराच वेळ त्या तो नुसता धरून बसल्या.

"रोज त्यांना म्हनायचे, आवडत न्हाई," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायचे गं. लई गोड लागायचा. लाजंपायी सांगितलंच न्हाई कधी."