रविवारचा आयात-शुल्काचा वाद

बाळांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, “शाळेत टॅरिफवर वादविवाद आहे. आजी, तू कोणत्या बाजूनं?” गॅसवर दूध आहे असं सांगून मी फोन ठेवला. दूध नव्हतंच. उत्तर लांबलचक होतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आपल्या घरात हा वाद दर रविवारी जेवणानंतर रंगायचा. तुमचे आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, खुल्या व्यापाराचे. त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांचं, वाळूजला छोटं वर्कशॉप. पंपाचा दांडा ज्यात फिरतो, ते स्टीलचे बुश तिथं बनतात.

“दादा, चीनचा माल निम्म्या भावात येतोय. ड्युटी लावायलाच पाहिजे.”

“म्हणजे तुझ्यासाठी लोकांनी पंप महाग घ्यायचा?”

“तुम्ही जन्मभर केबिनमध्ये बसलात. तुम्हाला काय कळणार!”

आवाज शेजारी जायला लागला, तेव्हा मी कॉलेजातल्या वादविवाद मंडळाचा नियम घरात आणला. पाच मिनिटं आपली बाजू मांडायची, पाच मिनिटं समोरच्याची. घड्याळ माझ्या हातात. नियम मोडेल त्यानं भांडी घासायची. दोघांनीही पुष्कळ भांडी घासली.

मग तुम्ही राहता त्या देशानं आपल्या मालावर जबर ड्युटी लावली. धाकट्या आजोबांचा बहुतेक माल तिकडंच जायचा. तिथल्या गिऱ्हाइकानं कळवलं, पुढचा माल थांबवा. वर्कशॉपात आठ माणसं होती, काही तर पहिल्या दिवसापासूनची. त्यांना काय सांगायचं?

त्या रविवारी त्यांनी वरणभात नुसता चिवडला. मी म्हटलं, “आज राहू द्या वाद.”

“नाही वहिनी, घड्याळ लावा. आज मी आधी दादाची बाजू घेतो.”

आणि खुल्या व्यापारावर ते असे बोलले, की तुमच्या आजोबांना इतक्या वर्षांत तसं जमलं नव्हतं. “माझा बुश चांगला, भाव बरा, घेणाऱ्याला पाहिजे. मग मधी सरकारनं हात का घालायचा?”

आता आजोबांनी ड्युटीची बाजू मांडायची होती. “तिकडंही तुझ्यासारखाच कुणी वर्कशॉपवाला असेल...” एवढं म्हणाले, भावाच्या तोंडाकडं पाहिलं आणि थांबले.

“मला नाही जमत. गाडी काढ. बँकेत असताना इथल्या पंप बनवणाऱ्यांना कर्जं दिलीत मी. भेटू त्यांना.”

“दादा, रविवार आहे. सगळं बंद असतं.”

“मग उद्या जाऊ. आज भांडी घासतो.”

महिनाभर दोघे भाऊ करमाडच्या रस्त्यावरचे कारखाने हिंडले. एकानं तोंडावर सांगितलं, “साहेब, चीनचा स्वस्त पडतो.” शेवटी दोन ठिकाणी काम मिळालं, थोडं आणि कमी भावाचं.

मी कोणत्या बाजूनं, ते अजून ठरत नाही. तुम्ही शाळेत हवी ती बाजू घ्या, पण घरी दुसरीही बोलून बघा.

वर्कशॉपची दुसरी पाळी बंद झाली, दोघंजण दुसरीकडं लागले. उरलेली सहा माणसं रोज सकाळी आठला चारही मशिनं चालू करतात.