येत नही ना? बेस!

"येत नही ना? बेस! बठ तठे."

गुरुवारी अकरा वाजले की आमचे अव्वल कारकून चष्मा कपाळावर सरकवून हे म्हणायचे आणि कचेरीभर खुर्च्यांचा खरखराट उठायचा. जावकवाला दाखल्यांच्या टेबलावर, दाखलेवाला जमिनीच्या. त्यांच्या बोलीत बेस म्हणजे छान; ज्याला जे काम येत नाही, त्यानं त्या दिवशी तेच करायचं. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. द्वैभाषिक राज्याचे दिवस होते. कचेरी तापीच्या बाजूच्या एका तालुक्याची. गावाचं नाव सांगत नाही, अजूनही खुलासा मागतील.

तुम्ही कचेरीत खेटे घातले असतील, तर तुम्हांला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे काम येणं म्हणजे ते दुसऱ्याला येऊ न देणं. जमिनीचं टेबल सांभाळणारे भाऊसाहेब रजेवर जाताना खणाची किल्ली करदोड्याला बांधून नेत. त्यांच्या मुलीचं लग्न झालं, ते पंधरा दिवस तालुक्यात कुणाला बापाची जमीन मिळाली नाही. आप्पांनी नियम केला की गुरुवारी किल्ल्या खणालाच राहतील. भाऊसाहेबांनी तीन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं. तेवढे तीन दिवस कचेरीत शांततेत कामं झाली.

एका गुरुवारी मी, जावक कारकून, जमिनीच्या टेबलावर बसलो. समोर धोतराचा सोगा सावरत एक म्हातारे शेतकरी उभे राहिले. बापाच्या शेतावर वारस म्हणून नाव लागावं, एवढंच मागणं. तीन वर्षं येत होते.

"बाबा, मला यातलं काही येत नाही," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांनी स्टूल ओढलं. "सरका. मी सांगस. पयले तलाठीना रिपोर्ट काढा. त्यानाखाल सर्कलनी सही शे. मंग नोटीस. तीन सालपाईन आयकी ऱ्हायनू."

फायलीतून कागद त्यांनी सांगितलेल्या क्रमानं निघत गेले. पुढची त्रुटी कोणती काढायची हे काही मला माहीत नव्हतं, म्हणून निव्वळ अज्ञानापोटी मी प्रकरण सहीला पाठवलं. चार वाजता सही होऊन आली. "व्हयनं का?" म्हाताऱ्यांनी दोनदा विचारलं. त्यांना खरंच वाटेना.

आप्पांनी आपला चहा त्यांच्यापुढे सरकवला. "बाबा, गुरुवारले येत जा. आमना पोऱ्हे शिकतीन."

आणि बाबा येऊ लागले! इतर अर्जदारही स्टूल ओढू लागले. कोणता कागद कुठं अडतो हे त्यांच्याइतकं आम्हां पगारदारांना कधीच ठाऊक नव्हतं. मला पहिल्यांदाच सकाळी कचेरीत जावंसं वाटू लागलं.

हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. भाऊसाहेबांनी वर अर्ज केला: काम न येणाऱ्यांकडून कामे पूर्ण केली जात आहेत. चौकशीला मोठे साहेब आले. सही झालेल्या प्रकरणांत एकही चूक सापडली नाही, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला.

"या लोकांना काम शिकवलं कोणी?"

"अर्जदारांनी, साहेब," आप्पा म्हणाले.

"नजरचुकीनं झालं असं लिहून द्या, मिटवू."

आप्पांच्या पेन्शनीला दोन वर्षं होती. गुडघे इतके धरलेले की कचेरीच्या तीन पायऱ्यांना ते दोनदा थांबायचे. नाही म्हटलं तर बदली सातपुड्यात, घाटावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "नजर ठेवीसनच करेल शे, साहेब," ते म्हणाले.

मग आमचे जबाब झाले. गुरुवारचा काही उपयोग झाला का, असा प्रश्न होता. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, 'माहीत नाही.' मीही लिहिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

आप्पांची बदली धडगावला झाली.

पुढच्या गुरुवारी अकरा वाजले. जो तो आपापल्या खुर्चीत होता. भाऊसाहेबांची किल्ली पुन्हा करदोड्याला गेली होती. तेवढ्यात बाबा आले, काखेत केळीचा फणा घेऊन.

"आप्पा कोठे शेतस?"

मी सांगितलं. बाबांनी फणा माझ्या टेबलावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे स्टूल ओढलं. "मंग लिखा अर्ज. मी अंगठा देस. बदली रद्द कराना कागद कोन्ता टेबलवर जास?"

मी दाखलेवाल्याकडे पाहिलं, दाखलेवाल्यानं आवकवाल्याकडे. भाऊसाहेब खाली मान घालून लिहीत होते.

"येत नाही, बाबा," मी म्हणालो.

बाबांनी अव्वल कारकुनांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिकडून कुणी 'बेस' म्हणालं नाही.