अठरा ठोक्यांचे दहा

ठोकेकाकांना आपल्या मोजणीचा भारी तोरा. काम तसं साधं. इमारतीच्या जागेवर भोक पाडायचं, त्यात नळी उभी करायची आणि चौसष्ट किलोचा घण अडीच फुटांवरून तिच्यावर पाडायचा. नळी एक फूट खाली जायला जितके ठोके लागतील तो आकडा वहीत. ठोके जास्त, तर जमीन घट्ट. घण उचलायची दोरी दुसरे ओढायचे. काका खुर्चीत बसून मोजायचे. घाम दुसऱ्यांचा, तोरा यांचा.

वहीत मात्र खरा आकडा कधीच पडला नाही. अठरा ठोके झाले की काका पंधरा लिहायचे. "एखादा ठोका तिरका पडतो. उद्या इमारत खचली तर नाव कुणाचं जाईल?" हे ते फक्त बायकोला सांगत, आणि याला सचोटी म्हणत.

"मग लग्नाच्या वेळी वयही असंच कापून सांगितलंत वाटतं," बायको म्हणायची.

यंदा काम घरचंच निघालं. थोरली बहीण नर्स. बारा वर्षं गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दवाखाना चालवत होती. कुणीतरी एक चिंचोळा प्लॉट देऊ केला, पण महिनाअखेर नकाशा मंजूर झाला नाही तर जागा परत. ठोके काकांनीच मोजले. बहिणीचं काम, म्हणून जास्त काळजीने. म्हणजे अठराचे पंधरा नाही, चौदा.

नकाशा आला. पायाची फुटिंगं, म्हणजे खांबांखालचे काँक्रीटचे चौथरे, एवढी रुंद की शेजाऱ्याच्या भिंतीखाली शिरत होती. बहीण तडक नकाशा काढणाऱ्या इंजिनीअरच्या ऑफिसात आली, भावाला दंडाला धरूनच.

"जमीन पोचट आहे, ताई," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "दुसरी जागा बघा."

"पोचट? कुदळ मारली तर ठिणगी उडते तिथे!" ती भावाकडे वळली. "अरे, तूच मोजलंस ना? तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

काका छताकडे बघत होते. बाईंनी समजावलं, "ठोक्यांवरून जमिनीची ताकद काढली की आम्ही तिला पॉइंट पंचेचाळीसने गुणतो. निम्म्याहून कमीच धरतो. ठोका तिरका, मोजणारा पेंगतोय, सगळं त्या फॅक्टरमध्ये आधीच धरलेलं असतं."

"म्हणजे... मोजणाऱ्याने वेगळं कापायचं नसतं?"

"अजिबात नाही. तुम्ही कापलंत?"

नाही म्हटलं असतं तर तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं आणि दवाखाना पत्र्यातच. बहिणीने अजून दंड सोडला नव्हता.

"चार," काका म्हणाले. "अठरा होते."

काकांच्या वहीतले आकडे रिपोर्टात उतरवणारा सुपरवायझर कोपऱ्यात खोकला. "दोन मीही काढले. काका पेंगतात, जास्तीचे मोजत असतील, म्हटलं."

आता बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाराचे दहा मी केले. हिशेबाला सोपं जातं."

"वा! तीन शहाण्यांनी मिळून माझी जमीन खाल्ली," बहीण म्हणाली, "आणि वर गुणाकार!"

या ठोक्यांवर आता कुणाचाच भरवसा उरला नव्हता. बाईंनी दुसरी चाचणी लावली. खड्ड्यात लोखंडी प्लेट ठेवायची, वर वाळूची पोती रचायची आणि प्लेट किती दबते ते बघायचं. ही चाचणी जास्त भरवशाची, म्हणून फॅक्टरही मोठा, पॉइंट पंचावन्न.

"पोती कोण चढवणार?" सुपरवायझरने विचारलं. बहिणीने नुसतं त्याच्याकडे आणि काकांकडे पाहिलं.

दीडशे पोती, दोन दिवस. ती शेजारी उभी राहून प्रत्येक पोतं दाबून बघायची. एक अर्धवट भरलेलं निघालं, ते परत पाठवलं. कुणी भरलं होतं, हे दोघांनीही सांगितलं नाही.

प्लेट जेमतेम दबली. नवी फुटिंगं हद्दीच्या वीतभर आत बसली. महिना संपायला दोन दिवस असताना नकाशा मंजूर झाला.

काकांची खुर्ची मात्र गेली. आता ते दोरी ओढतात आणि खुर्चीत सुपरवायझर. शिवाय नवा नियम, मोजायचं ते मोठ्याने. परवा नऊनंतर तो एकदम अकरा म्हणाला. काकांनी पुढच्या ठोक्यासाठी घण वर घेतला, पण सोडला नाही. दोरीवरचे मागचे दोघे शिव्या देऊ लागले. काकांचे दंड लटपटत होते.

"दहा," ते म्हणाले. "आधी दहा म्हण."